स्टेडियममधील मृत्यूंची आठवण गावच्या मंडळाने कशी ठेवावी आणि त्यावर वाद कसा घालावा

भाऊबीज झाली आणि मंडई म्हणजे गावची जत्रा आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक आणि अलीकडे काही गावांत या दोहोंच्या जोडीला फुटबॉलची स्पर्धा, असा हंगाम सुरू होतो. या स्पर्धांत खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर लिव्हरपूलची, युव्हेंटसची किंवा मँचेस्टर युनायटेडची जर्सी असते आणि त्यांच्या मोबाइलवर सामन्यांसोबतच तिकडच्या प्रेक्षकांच्या घोषणाही येऊन पोहोचतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या एकाने अशीच एक घोषणा पारावर सहज म्हणून दाखवली. ती मेलेल्या प्रेक्षकांची टिंगल करणारी होती. समोरच्याने त्याची कॉलर धरली आणि सोडवासोडव झाल्यावर लक्षात आले की, ते प्रेक्षक कुठे मेले, कसे मेले, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. त्यानंतर आम्ही दरवर्षी एक संध्याकाळ या विषयासाठी राखून ठेवतो. ती कशी घ्यावी, हे आमच्या चुकांसकट येथे लिहीत आहे.

तारखेवर फार खल करू नये. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ तिकडे हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात. आमच्याकडे ऑगस्टमध्ये रोवणीच्या मागे लागलेल्या पोरांना संध्याकाळी बसवत नाही, म्हणून आम्ही २३ नोव्हेंबरच्या जवळचा रविवार धरतो. १९९४ साली याच तारखेला नागपुरात विधान भवनावर आलेल्या मोर्चातील ११४ गोवारी बांधव गेले. ती घटना फुटबॉलची नव्हे, हे खरे. परंतु गर्दीत माणूस कसा मरतो आणि नंतर त्या मरणाला कोणते नाव द्यायचे यावर वर्षानुवर्षे कसा झगडा चालतो, हे आमच्या भागातल्या लोकांना त्या तारखेमुळे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एका संध्याकाळी एकच घटना घ्यावी. पहिल्या वर्षी आम्ही पाच घेतल्या आणि शेवटी सगळ्यांच्या डोक्यात आकड्यांचा काला झाला. निवडलेल्या घटनेबद्दल मते विचारण्याआधी फळ्यावर केवळ वेळा लिहाव्यात. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील शेफिल्ड शहरातील हिल्सबरो मैदान, १५ एप्रिल १९८९, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कप या स्पर्धेची उपांत्य लढत. दुपारी २.५२ वाजता बाहेरची दाटी कमी करण्यासाठी पोलिसांच्या आदेशाने ‘सी’ हे मोठे फाटक उघडण्यात आले. आत येणाऱ्यांच्या थेट समोर एक बोगदा होता आणि तो मधल्या, आधीच भरलेल्या दोन कोंडवजा कप्प्यांत उतरत होता. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगदा बंद करून लोकांना तिकडे वळवायला कोणीही उभे नव्हते. सामना ठरल्या वेळी, ३ वाजता सुरू झाला आणि मधल्या कप्प्यांत माणसे गुदमरत असताना ३.०६ वाजता थांबवण्यात आला.

एवढे लिहून झाले की एखाद्या दहावीच्या पोराला खडू द्यावा. त्या टोकाला उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांसाठी फिरत्या दांड्याची फाटके होती अवघी सात. भागाकार केला तर एका फाटकाच्या वाट्याला सुमारे १,४४३ माणसे येतात. प्रत्येकाला आत जायला पाचच सेकंद लागतात असे धरले तरी हिशेब दोन तासांवर जातो, आणि तोही माणसे पहिल्या मिनिटापासून मुंग्यांसारखी रांगेने आली तर. गेल्या वर्षी हा भागाकार होईपर्यंत मागे बसलेला एक जण ‘तिकीट नसलेलेच घुसले असतील’ असे ठासून सांगत होता. उत्तर फळ्यावर आल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “मंग दरवाजा कोनं उघडला, सर?” चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. म्हणून मताच्या आधी भागाकार, हा क्रम मोडू नये.

यानंतर शब्दांकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. अशा घटनेला आपण सर्रास चेंगराचेंगरी म्हणतो. मारामारी, हाणामारी, झोंबाझोंबी या शब्दांची घडण पाहिली तर त्यांत दोन्ही बाजूंचे हात गुंतलेले दिसतात. चेंगराचेंगरीही त्याच घडणीचा शब्द असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात माणसांनीच माणसांना तुडवल्याचे चित्र आपोआप उभे राहते. हिल्सबरोमध्ये तसे घडले नव्हते. पुढे उंच जाळी, मागून बोगद्यातून येणारा लोंढा, आणि मध्ये श्वास घेताना छाती फुगायला लागणारी इंच-दोन इंच जागाही शिल्लक नाही, अशा अवस्थेत कित्येक जण उभ्या उभ्या गुदमरले. मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते आणि पुढच्याला मागे सरकता येत नव्हते. तेव्हा निदान त्या संध्याकाळपुरते ‘गर्दीत गुदमरून मृत्यू’ असे सरळ म्हणावे. तोंडात बसलेला शब्द पटकन सुटत नाही, माझाही सुटलेला नाही. पण तो का नको, हे एकदा कळले की वादाचा रोख बदलतो.

तिसरी गोष्ट पहिल्या दिवसाच्या कहाणीची. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर काही तासांतच एक सुटसुटीत कहाणी तयार होते आणि तीच पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालते. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना सुटताना १३ क्रमांकाच्या जिन्यावर ६६ जण गेले. अगदी शेवटच्या क्षणी रेंजर्सने बरोबरीचा गोल केला, बाहेर निघालेले लोक तो जल्लोष ऐकून माघारी वळले आणि उतरणाऱ्यांवर आदळले, असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले आणि अजूनही सांगितले जाते. कहाणी ऐकायला चांगली आहे, तिच्यात नाट्य आहे. परंतु चौकशीत ती टिकली नाही. सगळे एकाच दिशेने उतरत होते, आणि याच जिन्यावर १९६१ सालीही दोन जण दगावले होते. कहाणीत गोल असतो, जल्लोष असतो, नशीब असते. आधीही माणसे घेतलेला जिना तेवढा नसतो.

हिल्सबरोची कहाणी याहून वाईट, कारण ती मुद्दाम रचलेली होती. ‘द सन’ या वृत्तपत्राने चार दिवसांनी पहिल्या पानावर, ‘सत्य’ अशा मथळ्याखाली, लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे साफ केल्याचे आणि पोलिसांवर लघवी केल्याचे छापले. ते खोटे होते. लिव्हरपूल परिसरात या वृत्तपत्रावर सुरू झालेला बहिष्कार आजही चालू आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने पोलिसांचे नियंत्रण सुटणे हेच मुख्य कारण असल्याचे सांगितले, तरी १९९१ साली मृत्यूंच्या चौकशीत ‘अपघाती मृत्यू’ असाच निर्णय आला. पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलण्यात आले होते, हे २०१२ साली स्वतंत्र समितीने उघड केले. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर कृत्याने झाल्याचा आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नसल्याचा निर्णय दिला, म्हणजे तब्बल २७ वर्षांनी. आमच्याकडे सरकारी कागदावर एक शब्द असतो आणि लोक ‘गोवारी हत्याकांड’ म्हणतात, त्याची आठवण येथे कोणीतरी हमखास काढते. काढू द्यावी, पण पाच मिनिटांनी फळ्यावर परत यावे.

वाद प्रामाणिक ठेवायचा असेल तर आपल्या बाजूला न सोसणारी गोष्टही सांगावी लागते. त्या दिवशीचे मुख्य पोलिस अधिकारी २०१९ साली निष्काळजीपणामुळे मृत्यूंना कारणीभूत ठरल्याच्या आरोपातून निर्दोष सुटले. शिक्षा म्हणावी अशी झाली ती मैदानाच्या क्लबच्या तत्कालीन सचिवांना, आणि ती ६,५०० पौंडांच्या दंडाची. एका ज्यूरीचा निर्णय सांगून दुसरा गिळणारा माणूस कुठल्याही क्लबचा असो, त्याला थांबवावे.

आकड्यांबाबत एक छोटा नियम पुरतो : आकडा कोणाचा आणि कधीचा, हे सांगितल्याशिवाय बोलू नये. हिल्सबरोचे मृत बरीच वर्षे ९६ होते; त्या दिवशी कायमचे जायबंदी झालेले एक गृहस्थ २०२१ साली वारले आणि तो आकडा ९७ झाला, त्यामुळे जुना लेख वाचून आलेला पोरगा खोटा ठरत नाही. मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर २० ऑक्टोबर १९८२ रोजी सरकारी हिशेबाने ६६ जण गेले, पण सोव्हिएत राजवटीने ती घटना कित्येक वर्षे दडपल्यामुळे त्या आकड्यावर आजही सगळ्यांचा विश्वास नाही.

सर्वांत अवघड भाग आपलाच क्लब दोषी असतो तेव्हाचा. लिव्हरपूलच्या लाल जर्सीवाल्यांना हिल्सबरोवर बोलायला आवडते, हायसेलवर नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर युव्हेंटसविरुद्धच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा एक जमाव शेजारच्या भागावर चालून गेला, तिथले लोक मागे हटत भिंतीपाशी दाटले, भिंत कोसळली आणि ३९ जण गेले, त्यांतले बहुतेक इटालियन. लिव्हरपूलच्या १४ जणांना मनुष्यवधाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षे बंदी आली. त्याच वेळी हेही खरे की, मैदान जीर्ण झालेले होते आणि तटस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून ठेवलेल्या, लिव्हरपूलच्या गर्दीला लागून असलेल्या भागाची तिकिटे मोठ्या संख्येने युव्हेंटसच्या लोकांच्या हाती पडली होती. या दोन वाक्यांच्या मध्ये ‘पण’ घालू नये, ‘आणि’ घालावे. ‘पण’ घातला की दुसरे वाक्य पहिल्याची सबब होऊन बसते. आमच्या मंडळात हा नियम इतका मुरला आहे की, कोणी ‘पण’ म्हटले की बाकीचे एका सुरात ‘आणि’ ओरडतात. एप्रिल २००५ मध्ये हे दोन क्लब पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी फलक धरून ‘मैत्री’ या अर्थाचा इटालियन शब्द साकारला. युव्हेंटसच्या काहींनी टाळ्या वाजवल्या आणि काहींनी पाठ फिरवली. पाठ फिरवणाऱ्यांना उद्धट म्हणायचे की नाही, हा प्रश्न चर्चेला जरूर ठेवावा, कारण त्यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही.

टिंगलीच्या घोषणा त्या संध्याकाळी उदाहरणादाखलसुद्धा म्हणू नयेत, मृतदेहांची चित्रफीत दाखवू नये, आणि मौन सुरुवातीला नव्हे तर चर्चेनंतर पाळावे, कारण तोवर बसलेल्यांना आपण कोणासाठी उभे आहोत हे कळलेले असते.

त्यानंतर उजेड असेल तर उजेडात, नाहीतर बॅटरी घेऊन, सगळ्यांनी आपल्याच मैदानावर जावे. सोबत सुतारकाकांची टेप घ्यावी. तिकीट लावलेल्या स्पर्धेला आपण चहूबाजूंनी टिनाचे पत्रे ठोकतो आणि फुकटे घुसू नयेत म्हणून एकच वाट ठेवतो. आमची भरली चार फूट, आणि ती फळी आत उघडणारी. ब्रिटनमध्ये आयब्रॉक्सनंतर, १९७३ साली, मैदानांच्या सुरक्षेची मार्गदर्शिका आली. तिच्या आताच्या हिशेबाने सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला फार तर ८२ माणसे बाहेर पडतात आणि मैदान आठ मिनिटांत रिकामे व्हायला हवे. चार फुटांतून मिनिटाला शंभर, म्हणजे दोन हजार प्रेक्षकांना वीस मिनिटे. आठ मिनिटांत काढायचे तर एकूण दहा फूट वाट लागते. पाच-पाच फुटांची दोन फाटके समोरासमोरच्या बाजूंना ठेवली की तेवढी होते.

बसायला अंथरलेल्या तणसाकडेही बघावे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डमध्ये लाकडी गॅलरीखाली वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्यात जळती काडी किंवा सिगारेट पडून आग लागली असे मानले जाते. त्यात ५६ जण गेले. मागची फाटके बंद होती, तर समोर जाळी नसल्यामुळे मैदानात उतरलेले बरेच लोक वाचले. बांबूची गॅलरी बांधायचा मोह झाला, तर मार्च २०२२ मध्ये केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात गावपातळीच्या स्पर्धेतील तात्पुरती गॅलरी कोसळून सुमारे २०० जण जखमी झाल्याचे समितीला सांगावे. आमच्या समितीने तेवढ्यावर तो बेत सोडला.

फाटके बाहेर उघडणारी असावीत, त्यांना कुलूप नसावे, आणि तार तर मुळीच बांधू नये, कारण ऐन वेळी पक्कड कोणाच्याही खिशात नसते. फाटकावर उभा राहणारा माणूस आणि तिकिटांचा गल्ला सांभाळणारा माणूस वेगळे ठेवावेत. पैसे मोजणारा फाटक उघडायला कचरतो. मापे सचिवांच्या वहीत तारखेसह लिहावीत आणि टेप त्याच रात्री सुतारकाकांना परत द्यावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, मंडपवाल्याने पत्रे ठोकून झाल्यावर, ती पुन्हा मागून आणावी लागते.