मार्चमध्ये पाहिलेला सडा

पर्यावरणीय मंजुरीच्या अहवालात वनस्पतींचे प्रकरण लिहिण्याचे काम पुण्यात नव्याने हाती घेणाऱ्यांना ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) म्हणजे काय आणि टीओआर (त्या अभ्यासात काय काय पाहायचे याच्या अटी) कशाला म्हणतात हे सांगण्याची गरज नाही. मला सांगायचे आहे ते एका शब्दाविषयी, कारण माझी या कामातली पहिली दोन वर्षे त्याने नासवली. तो शब्द म्हणजे ‘पडीक’.

सह्याद्रीतील जांभ्याच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खाण होणार होती आणि तेथील पहिली पाहणी मी मार्चमध्ये केली. पायाखाली तापलेला काळपट कातळ, भेगांतून वाळलेले गवत आणि कडेला चार-दोन खुरटी झुडपे एवढेच दिसत होते. सातबाऱ्यावर त्या गटाची नोंद ‘पोटखराब’ अशी होती. एक मीटर बाय एक मीटरचे क्वाड्रॅट (वनस्पती मोजण्यासाठी आखलेले चौकोन) टाकून मी प्रामाणिकपणे मोजणी केली आणि लिहिले : ‘पडीक जमीन, विरळ गवत, दुर्मीळ वा संकटग्रस्त वनस्पती आढळली नाही.’ यातले एकही अक्षर खोटे नव्हते. मूल्यांकन समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी फक्त एवढेच विचारले, “आपण तिथे कोणत्या महिन्यात गेला होता?” माझ्या उत्तरानंतर दुसरा प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही. अहवाल फेरपाहणीसाठी परत आला आणि त्यानंतर कित्येक दिवस कार्यालयात माझ्याशी कोणी धड बोलले नाही.

ऑगस्टअखेर त्याच जागी गेले, तेव्हा माझी मार्चची क्वाड्रॅटे नेमकी कोठे होती हे जीपीएस पाहूनही पटेना. सगळीकडे पांढरे गेंद आणि सीतेची जांभळी आसवे ही फुले पसरली होती, ओल्या कातळावर दवबिंदूची लालसर रोपे होती आणि कडेच्या गवतात कंदीलपुष्पाच्या दोन वेली उभ्या होत्या.

ही चूक नीट समजून घ्या, कारण ती आळशी माणसापेक्षा कष्टाळू माणसाकडूनच अधिक होते. सड्यावर माती बोटभर असते, त्यामुळे तेथील बहुतेक वनस्पती जूनमध्ये उगवून ऑक्टोबरपर्यंत आपला संसार आटोपतात. कंदीलपुष्पाचा कंद जमिनीत जिवंत राहतो, पण वेल वाळून जाते, आणि फुलावाचून त्याची जात ओळखणे जवळजवळ अशक्य असते. शिवनेरीच्या कड्यांवरील शिंदळ माकुडी या वनस्पतीचेही तेच : उन्हाळ्यात पानांवाचून नुसत्या मांसल दांड्या उरतात आणि ओळख नसलेला माणूस पुढे निघून जातो. खाणीच्या टीओआरमध्ये बेसलाइनची, म्हणजे प्रकल्पापूर्वीच्या स्थितीची, माहिती पावसाळ्याखेरीज एका ऋतूची मागितलेली असते. पावसात धूळ खाली बसत असल्याने हवेच्या मोजणीला ते योग्यच आहे, पण त्याच अटीत वनस्पती आणि प्राण्यांचाही उल्लेख असल्याने वनस्पतींची सगळी पाहणी त्याच वेळापत्रकात उरकण्याची सवय आपण स्वतःला लावून घेतली आहे. त्याच टीओआरमध्ये कोअर झोन (खाणीची जागा) आणि तिच्याभोवतीचा दहा किलोमीटरचा बफर झोन यांतील प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच प्रदेशात आढळणाऱ्या) व संकटग्रस्त जातींची प्रत्यक्ष पाहणी मागितलेली असते आणि ती पावसात करू नका असे कोठेही म्हटलेले नसते.

अनुसूचीवर विसंबून राहणेही तितकेच धोक्याचे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या सहाव्या अनुसूचीत वनस्पतींच्या अवघ्या सहा नोंदी होत्या आणि त्यांतली एकही आपल्या सड्यांवरची नव्हती. 2022 च्या सुधारणेनंतर वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आल्या आहेत. तरीही अनुसूचीत नाव नाही म्हणून वनस्पती महत्त्वाची नाही असे लिहिणे चुकीचेच ठरेल.

जुन्या अहवालाची वर्ड फाइल हातात देऊन “यात गावाचे नाव बदल” असे सांगणारा वरिष्ठ भेटला, तर त्याच्याकडून हिशेब आणि पत्रव्यवहार जरूर शिकावा, वनस्पती मात्र दुसऱ्याकडून शिकावी. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपबद्दलही माझे मत फारसे बरे नाही. सुकलेल्या गवतालाही ते आत्मविश्वासाने नाव देते. मला उपयोग झाला तो कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील हर्बेरियमचा, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा. तेथे नमुन्याच्या कागदावरील लेबल आधी वाचावे. संकलनाची तारीख पाहिली की आपण कोणत्या महिन्यात जायचे ते कळते. गावातल्या बायकांना, गौरीसाठी तेरड्याबरोबर सड्यावरून आणखी काय आणता, असे विचारावे. मार्चच्या पाहणीत न दिसलेल्या तीन जातींचा पत्ता मला असाच लागला.

इतके वाचून घाबरून जाऊ नये. सगळी नावे पाठ असलेला कोणीही नसतो, आणि ‘जात निश्चित झाली नाही, फुलोऱ्यात पुन्हा पाहणे आवश्यक’ असे लिहिल्याने माझा एकही अहवाल आजवर परत आलेला नाही. ‘आढळली नाही’ या शब्दांपुढे मी आता पाहणीची तारीख त्याच वाक्यात लिहिते. अहवाल मंजुरीच्या अर्जांसाठीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर कोणालाही वाचता येतो आणि वाचणाऱ्यांत कंद उकरून नेणारेही असू शकतात. म्हणून जाहीर प्रतीत दुर्मीळ वनस्पतीचे अचूक अक्षांश-रेखांश न देता नकाशावर मोठा चौकोन दाखवते आणि नेमकी जागा समितीला स्वतंत्रपणे कळवते. पावसाळी पाहणीचा खर्च मागाहून मागितला की प्रकल्पवाले हमखास नाकारतात, त्यामुळे जुलै आणि सप्टेंबर अशा दोन फेऱ्या मी पहिल्या दरपत्रकातच धरते.