पेट्रोल चढतंय? आधी पाना खाली ठेवा

आयटीआयला एमएमव्ही (मोटर मेकॅनिकचा कोर्स) केलं, दोन वर्षं, आणि मग जळगावला अजिंठा चौफुलीकडे एका गॅरेजात हेल्पर लागलो. कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) डायग्राम तोंडपाठ, त्यामुळे माज होता. तो उतरवला एका जुन्या मारुती 800 ने. कार्बोरेटरवाली, 796 सीसी, मालक अमळनेरकडचे रिटायर गुरुजी. तक्रार पेट्रोल चढण्याची, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाण्याची: सकाळी सेल (स्टार्टर) मारला की दोन सेकंद पकडते, काळा धूर सोडते आणि बंद, मग नुसता पेट्रोलचा वास, कितीही सेल मारा काही नाही, पण एकदा चालू होऊन रस्त्याला लागली की मस्त पळते.

मी लगेच कार्बोरेटर उतरवला, धुतला, हवा मारली, रिपेअर किट टाकलं, निडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) नवी. दोन दिवसांनी गुरुजी परत हजर. "काय भाऊ, गाडी तं तशीच से!"

उस्तादांनी मला पाना खाली ठेवायला लावला. आधी स्पार्क प्लग काढून घेतले, ओले आणि काळे. आता इथंच नवीन पोरं फसतात, प्लग ओला म्हणजे पेट्रोल जास्त असं धरून चालतात, पण करंट कमी असला तरी पेट्रोल जळत नाही आणि प्लग ओलाच निघतो. म्हणून कोरडा प्लग वायरीला लावून बॉडीला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब हं, नाहीतर भडका उडेल, आणि सेल मारायला सांगायचं. निळी कडक ठिणगी पाहिजे. पिवळी, मरतुकडी असेल तर प्लगला करंट पोचवणारे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची कॅप बघा. बॅटरीही बघा, सेल मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल तर कार्बोरेटरला शिव्या देऊ नका.

आमची ठिणगी चांगली होती. मग एअर फिल्टर काढून चोकची पट्टी (थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी) बघितली, नॉब आत ढकलल्यावर पूर्ण उघडायला हवी, आपल्याकडच्या धुळीत केबल अडकते. तीही ठीक. पण इंजिन बंद असताना नोझलमधून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं! म्हणजे कार्बोरेटरची खालची, पेट्रोल साठवायची वाटी भरून वाहत होती. उस्तादांनी फ्लोट (वाटीत तरंगून निडल दाबणारा पोकळ तुकडा) काढून माझ्या कानाशी हलवला आणि आत खळखळ. बारीक चीर, त्यातून पेट्रोल आत गेलेलं, फ्लोट जड झाला की तरंगत नाही, निडल दाबली जात नाही. नवीन निडल टाकून काय उपयोग? पळताना इंजिन तेवढं पेट्रोल खाऊन टाकतं म्हणून रस्त्यावर कळत नव्हतं. मी किट टाकताना तोच फ्लोट हातात धरलेला, हलवून नाही बघितला.

ओव्हरफ्लो झालेली गाडी चालू करायची तर चोक आत, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका (प्रत्येक दाबाला आणखी पिचकारी जाते), पाच-सात सेकंद सेल मारा. नाही झाली तर दहा मिनिटं थांबा, चहा प्या.

मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात आणखी एक भानगड असते. गरम गाडी बंद केली की वाटीतलं पेट्रोल उकळून आत उतरतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी चालू करायला गेलं की नाटक करते, पण सकाळी थंड असताना एकदम चालू. तिथे फ्लोट शोधत बसू नका. इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटर नसलेल्या) जुन्या गाडीत सकाळी गुरुजींच्या गाडीसारखं पेट्रोल चढत असेल तर आधी स्कॅनर लावून कूलंटचं टेंपरेचर बघा, सकाळी ते बाहेरच्या हवेएवढं दिसायला हवं. जळगावात उणे 40 दिसलं तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली, ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) वाटतं बर्फ पडलाय आणि तो पेट्रोल ओततो.

आणि गाडी देण्याआधी डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. गुरुजींच्या गाडीत इतके दिवसांचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं, ऑइल पाण्यासारखं पातळ. ते बदलूनच गाडी दिली, आणि मी टाकलेल्या किटचे पैसे उस्तादांनी बिलात धरले नाहीत, माझ्या पगारातून कापले.