वीतभर टोमॅटोचा संकर, गच्चीवर

मायक्रो-टॉम हा टोमॅटो जेमतेम वीतभर वाढतो आणि पेरल्यापासून तीन महिन्यांत पिकलेलं फळ देतो. 1989 साली फ्लोरिडात तो घरच्या कुंडीसाठी म्हणून काढला, पण उचलला जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी. त्याचं बुटकेपण मुख्यतः एका अप्रभावी जनुकाचं (दोन्ही प्रती तशाच असतील तरच परिणाम दिसतो): तिथल्या बिघाडाने ब्रासिनोस्टेरॉइड हे वाढीचं संप्रेरक पुरेसं बनत नाही.

बेळगावात दसऱ्याच्या सुमारास पेरा. फुलं थंडीत येतात आणि फळ धरतं. पावसाळ्यात पेरलंत तर, विशेषतः खानापूरकडे, दमट हवेत पराग झडतच नाहीत. 10 सेंटीमीटरची कुंडी पुरते; चाळलेली लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात. आठवड्याला 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरला 1 ग्रॅम.

मादी मायक्रो-टॉमच ठेवा. यात एक सोय आहे: पहिल्या पिढीत उंच निघालेलं रोप खरं संकरित, बुटकं निघालं तर स्वपरागण झालं समजा. नर म्हणून अर्का विकाससारखा सरळ वाण घ्या. अर्का रक्षक नको, तो स्वतःच संकरित.

उद्या उमलेल अशी कळी निवडा: पाकळ्या फिकट पिवळ्या, परागकोष अजून हिरवट. टोकदार चिमट्याने परागकोषांची नळी बाजूने चिरून अलगद ओढा. पिवळाजर्द परागकोष दिसला तर कळी टाकून द्या, उशीर झालाय. आतली स्त्रीकेसराची काडी दुखावली तर दोन दिवसांत फूल गळतं. नराचे परागकोष रात्रभर सिलिका जेलच्या डबीत वाळवा, सकाळी टिचकी मारून पराग झाडा आणि काडीच्या टोकाला लावा. खूण म्हणून दोन निदलं (फुलाखालच्या हिरव्या पाकळ्या) कापा. दोऱ्यापेक्षा हे बरं, दोऱ्याच्या ओझ्याने देठ मोडतो.

संकरित रोपाला मात्र 10 लिटरची बादली लागेल. त्याच्या फळांचं बी, म्हणजे दुसरी पिढी, जूनमध्ये प्रोट्रेत (खणांच्या रोप-ट्रेत), आडोशाला पेरा. तिसऱ्या-चौथ्या पानाला मोजणी करा. बुटक्यांची पानं गडद हिरवी, सुरकुतलेली असतात. अप्रभावी जनुक एकच असेल तर उंच-बुटकी 3:1 येतात, म्हणजे 80 रोपांत 60 उंच, 20 बुटकी अपेक्षित. 66 आणि 14 आली तर काय-वर्ग (अपेक्षेपासूनचा फरक मोजणारा आकडा) 2.4, म्हणजे 3.84 या 5 टक्क्यांच्या मर्यादेच्या आत, चालेल. 69 आणि 11 आली तर 5.4, मग आधी उपटून टाकलेल्या रोपांची चौकशी करा, किरकोळ म्हणून फेकलेली बहुधा बुटकीच असतात.

उलटही होतं, बुटकी जास्त मोजली जातात. पांढऱ्या माशीने आणलेल्या पर्णगुच्छ विषाणूनेही रोप खुजं राहतं, पण त्याची पानं पिवळट आणि वर वळलेली असतात. असं रोप बुटक्यांत धरू नका.