भंगारातल्या अॅल्युमिनियमपासून लेझर डायोडसाठी हीटसिंक

४४५ नॅनोमीटरचा निळा डायोड १ अँपिअरवर चालवला की साधारण साडेचार वॉट वीज खातो. त्यातला एक वॉट प्रकाश होतो आणि साडेतीन वॉटची उष्णता १२ मिमीच्या पितळी मॉड्यूलमध्ये, म्हणजे डायोड आणि लेन्स बसवलेल्या नळीत, अडकते. ती बाहेर काढायला महागडा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) लागत नाही, पण सांधा मात्र चोख हवा. मॉड्यूलचा २० मिमी भाग भोकात बसला आणि भोवती ०.१ मिमी हवेची फट राहिली, तर तेवढ्या फटीपायीच तापमान सुमारे १८ अंशांनी चढते. त्याच फटीत साधी पांढरी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा मलम) भरली, तर जेमतेम अर्धा अंश. पाती कितीही मोठी लावली तरी हे नुकसान भरून निघत नाही.

साध्या ड्रिलने पाडलेले भोक थोडे सैलच होते. म्हणून एका ठोकळ्यात नेमके भोक पाडण्याच्या मागे न लागता दोन पट्ट्यांचा चिमटा करावा.

सामान: ४० बाय १२ मिमी अॅल्युमिनियम पट्टीचे ४० मिमी लांब दोन तुकडे, जुन्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरचा सरळ पात्यांचा हीटसिंक, ३० मिमी लांबीचे चार एम४ स्क्रू आणि नट, थर्मल पेस्ट, एक व्हिजिटिंग कार्ड. पट्टी आणि हीटसिंक दोन्ही भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. स्टेनलेस स्टीलचा तुकडा चुकूनही घेऊ नका; उष्णता वाहून नेण्यात तो अॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाचाही नाही.

दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरा. चारही कोपऱ्यांत, दोन्ही कडांपासून ७ मिमी आत, सेंटर पंच मारून ४.५ मिमीची आरपार भोके पाडा. मग मधे कार्ड घालून स्क्रू-नटांनी तुकडे घट्ट आवळा. आता ४० मिमी लांबीच्या दिशेने, बरोबर सांध्यावर, आधी ५ मिमी, मग ८, मग १२ मिमीचे ड्रिल चालवा. १२ चे ड्रिल १० मिमीच्या चकमध्ये बसत नाही, १३ चा चक लागतो. हातातल्या मशीनने भोक तिरके जाते, म्हणून स्टँड वापरा. नसेल तर वर्कशॉपमधून एवढे एकच भोक पाडून घेतलेले बरे. अॅल्युमिनियम ड्रिलच्या धारेला चिकटते, मग भोक फाटल्यासारखे होते. दर ३-४ मिमीला ड्रिल बाहेर काढून चुरा झटका आणि रॉकेलचे दोन थेंब सोडा. रॉकेल ठिणगीने पेटते, म्हणून जवळ ग्राइंडर चालू नको.

कार्ड काढले की दोन्ही अर्धे मॉड्यूलला कवेत घेतात. भोकाच्या कडेला राहिलेली धारदार बर कानशीने काढा. खालच्या तुकड्याचा तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर २४०, ४००, ६०० या क्रमाने घासा. आधी तळावर मार्करने रेघा मारा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे तळ सपाट झाला. हीटसिंकच्या तळात ३.३ मिमीची चार भोके पाडून एम४ चे आटे काढा. तेच चार स्क्रू चिमटा आवळतात आणि त्याला हीटसिंकवर दाबूनही धरतात. स्क्रू कोपऱ्याआड कोपरा थोडे थोडे आवळा. फार ताकद लावली तर मॉड्यूल दबते आणि लेन्स फिरेनाशी होते. पेस्टचा पातळ थर पुरतो, लेन्सच्या बाजूला ती अजिबात जाऊ देऊ नका. फेविक्विकसारखा गोंदही जवळ नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते.

हा चिमटा साधारण ९० ग्रॅम भरतो. नुसताच वापरला तर मिनिटाला अडीच अंश चढतो, म्हणजे थोड्या वेळच्या चाचणीला तो एकटा पुरेल. तासभर कोरीवकाम करायचे तर पाती हवीतच.

डायोड बसवण्याआधी सांधा तपासून घ्या. सोनेरी आवरणाचा १० वॉट, ६.८ ओहमचा रेझिस्टर पेस्ट लावून चिमट्यावर तारेने घट्ट बांधा आणि मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरला जोडा. तो ३.७ वॉट उष्णता देतो, म्हणजे जवळजवळ डायोडएवढीच. दर पाच मिनिटांनी तापमान मोजा. दोन नोंदींत अंशाचाही फरक पडेनासा झाला की खोलीपेक्षा किती चढले ते पाहा. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते. चढ त्यात मिळवूनच ठरवा आणि आकडा डायोडच्या डेटाशीटमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. चिमटा आणि पात्यांचा तळ यांत पाच अंशांहून जास्त फरक आला तर मोठ्या हीटसिंकच्या मागे लागू नका, तळ पुन्हा घासा. मॉड्यूल आणि भोकाचा सांधा या चाचणीत कळत नाही. तिथे पेस्टची काळजी घ्यावीच लागते.

दोन चुकांनी डायोड हमखास जातात. काही डायोडांचे आवरण आतून एका पिनला जोडलेले असते. मल्टिमीटरने तपासा, नाहीतर हीटसिंक सप्लायला टेकताच शॉर्ट होतो. दुसरी चूक ड्रायव्हरची, म्हणजे डायोडला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटची. १२ व्होल्टवर एलएम३१७ हा रेग्युलेटर आयसी लावला तर १ अँपिअरला तो आणि त्याचा रेझिस्टर मिळून साडेसात वॉट उष्णता काढतात, डायोडच्या दुपटीहून जास्त. शिवाय त्याचा धातूचा टॅब आउटपुट पिनला जोडलेला असतो. त्याला वेगळा हीटसिंक द्या.

पंखा लावलात तर हवा कामावरून लेन्सकडे ओढली जाईल असा लावू नका, लाकडाचा धूर लेन्सवर जमतो. आणि ४४५ नॅनोमीटर रोखणारा, ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश अडवण्याचे माप) ४ किंवा जास्त लिहिलेला चष्मा डोळ्यांवर असल्याखेरीज डायोड चालू करू नका.