विमानतळाच्या गर्दीचा डेटा शिकताय? रांगेचं शेवटचं टोक बघा

कोल्हापुरात बसून विमानतळाच्या डेटाचं काम शिकता येईल का, असं शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारी मुलं मला विचारतात. येतं. एक्सेल, एसक्यूएल, थोडं पायथन जमतं असं धरूनच पुढचं लिहितोय. त्यानं कुणाचं अडत नाही. जिथं अडतं, तिथं माझे फार दिवस गेलेत.

सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी बोर्डिंग पास स्कॅन होतो, वेळ नोंदली जाते. नवखा माणूस त्याचा आलेख काढतो, रेघ सपाट दिसते, आणि ‘गर्दी स्थिर’ असं लिहून मोकळा होतो. पण ती वेळ रांगेत लागल्याची नाही, रांगेतून सुटल्याची आहे. तुम्ही मोजलीत ती तपासणीची क्षमता. माणसं किती आली हे त्यात कुठंच नाही.

समजा, एक रांग मिनिटाला ३ जण सोडते. दोन एटीआर (छोटी, पंख्याची) विमानं लागोपाठ आहेत, अर्ध्या तासात १५० जण आले. ९० सुटले, ६० उभे. शेवटच्याला २० मिनिटं थांबावं लागणार. डेटात मात्र ५० मिनिटं नुसतं ३, ३, ३. आता दुसरी रांग उघडली की स्कॅन दुप्पट होतात, आणि अहवालात येतं ‘गर्दी वाढली’. प्रत्यक्षात त्याच क्षणी ती ओसरायला लागलेली असते!

म्हणून येण्याची वेळ वेगळी मिळवा. चेक-इन काउंटरची नोंद पुरत नाही. वेब चेक-इन करून हातातल्या बॅगेसह येणारा तिथं दिसतच नाही. टर्मिनलच्या दारावरची नोंद बरी, पण आत येऊन कुणी चहा घेत बसतो, तो रांगेत नसतो. मग लिटलचा नियम लावून पडताळा (जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला): रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबणं. जुळत नसेल तर दोन यंत्रणांची घड्याळं आधी तपासा.

कोल्हापूरच्या उजळाईवाडीसारख्या छोट्या विमानतळावर दिवसाची सरासरी काढूच नका. विमानाच्या वेळेलाच काय ती गर्दी. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा, आणि १०० पैकी ९५ जण किती वेळात सुटले ते सांगा. तिथल्या नवीन टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. विमानतळ प्राधिकरणाचे महिन्याचे प्रवासी आकडे खुले आहेत, जरूर बघा. त्यातून वाढ कळेल, रांग नाही.

चार आठवड्यांत तज्ज्ञ करणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. आणि वेळ कुठं नोंदली हे न विचारता थेट मॉडेल लावायला सांगणारा मार्गदर्शक असेल, तर दुसरा शोधा. काउंटरवर उभं राहून काम केलेला माणूस त्याच्यापेक्षा जास्त शिकवतो.

मिनिटामिनिटाचा डेटा बाहेरच्याला मिळत नाही, म्हणून हिरमुसू नका. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेशी वही घेऊन उभे राहा. एक जण शेपटाशी, एक जण दाराशी, दोघांचं घड्याळ एक. तोच हिशोब सिमपायमध्ये (रांगेची नक्कल संगणकावर चालवणारी पायथनची लायब्ररी) घाला आणि वरच्या उदाहरणात दुसरी रांग कधी उघडायची ते बदलून बघा. अर्ध्या तासानं उघडली तर साठलेले ६० जण आणखी १० मिनिटं घेतात. पहिल्या मिनिटाला उघडली तर मिनिटाला ५ येतात, ६ सुटू शकतात. रांग साठतच नाही.