लेझर प्रोजेक्टर घ्यायचाय? आधी वर्गातला पंखा बघा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या शाळांत, क्लासेसमध्ये आणि पतसंस्थांच्या मीटिंग हॉलमध्ये मी बरीच वर्षं प्रोजेक्टर बसवतोय. लोक दुकानात जाऊन लुमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) आणि किंमत विचारतात, खोक्यात भरून आणतात आणि मग मला बोलावतात. खोली कोणी मोजलेलीच नसते. माझं सांगणं एवढंच, की टेप हातात घेतल्याशिवाय प्रोजेक्टरचं नावही काढू नका.

लॅम्पवाला घ्यावा की लेझर, यावर आता वेळ घालवू नका. लॅम्प तीन-पाच हजार तासांत बदलावा लागतो. लेझरचा उजेड साधारण 20,000 तासांनी निम्म्यावर येतो. रोज 5 तास आणि वर्षाचे 220 दिवस धरले तर ही अठरा वर्षं झाली. शिवाय आपल्याकडे वीज मध्येच जाते. तापलेला लॅम्प पुन्हा पेटायला वेळ खातो, लेझर काही सेकंदांत उजळतो.

पहिलं माप चित्राचं. फळ्याच्या भिंतीपासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर 6 ने भागा, ती चित्राची उंची. अंतर 24 फूट असेल तर चित्र 4 फूट उंच हवं, म्हणजे 16:10 च्या प्रमाणात रुंदी 6.4 फूट. मीटिंग रूममध्ये एक्सेलचे बारीक आकडे वाचायचे असतील तर 6 ऐवजी 4 ने भागा, आणि तिथे फुल एचडीपेक्षा कमी रिझोल्यूशन घेऊ नका. खोक्यावर 'सपोर्ट' लिहिलेलं असतं ते सोडा, 'नेटिव्ह' (म्हणजे मशीनचं स्वतःचं खरं रिझोल्यूशन) किती ते विचारा.

आता थ्रो, म्हणजे प्रोजेक्टर किती लांबून चित्र पाडतो ते. सगळी गडबड इथेच होते. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, हा थ्रो रेशो. साध्या प्रोजेक्टरचा तो दीडच्या आसपास असतो. म्हणजे 6.4 फूट रुंद चित्रासाठी तो साडेनऊ फूट मागे टांगावा लागतो. शॉर्ट थ्रोचा, म्हणजे जवळूनच मोठं चित्र पाडणाऱ्याचा, 0.5 असेल तर सव्वातीन फूट पुरतात. कागदावर दोन्ही बरोबर दिसतात. कागदावर पंखा नसतो.

अमळनेरकडच्या एका शाळेत मी साधा थ्रो बसवला. अर्धा फळा खडूसाठी मोकळा हवा म्हणून चित्र डावीकडे घेतलं होतं, आणि प्रोजेक्टर स्लॅबजवळ टांगला. चालू करताच पंख्याची पाती प्रकाशातून फिरायला लागली. सगळं चित्र लुकलुकायला लागलं. एप्रिल महिना, पंखा बंद करून चाळीस मुलं बसवायची कशी? मग लांब पाइप लावून प्रोजेक्टर पात्यांच्या खाली आणला. पंख्याच्या हादऱ्याने पाइप थरथरू लागला आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, चित्र हाली ऱ्हायनं." शेवटी प्रोजेक्टर बाजूला सरकवून कीस्टोनने (तिरपं चित्र सरळ करायची सोय) चित्र सरळ केलं, तर अक्षरं पुसट. डिजिटल कीस्टोन पिक्सेल खाऊनच चित्र सरळ करतो. तो थोडाफार चालेल, पण त्याच्या भरवशावर जागा ठरवू नका. तिथे अखेर शॉर्ट थ्रोच लावावा लागला.

तेव्हापासून मी खरेदीच्या आधी सुतळी लावतो. भिंतीवर चित्राचे चार कोपरे खडूने आखा. लेन्स जिथे येणार तिथे एकाला शिडीवर उभं करा, त्याच्या हातातून चारही कोपऱ्यांपर्यंत सुतळ्या ताणा. पंख्याचं बटण बंद ठेवून पातं हाताने पूर्ण फिरवा. पातं सुतळीला लागलं किंवा सुतळ्यांच्या मधून गेलं, तर ती जागा बाद. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळू नका.

वर्गासाठी माझं मत ठाम आहे: शॉर्ट थ्रो. प्रोजेक्टर पंख्याच्या अलीकडे, फळ्याच्या बाजूला राहतो, शिक्षकांची सावली कमी पडते, डोळ्यांत प्रकाश जात नाही. अल्ट्रा शॉर्ट थ्रो भिंतीला खेटून बसतो, पण त्याचा प्रकाश इतका तिरपा पडतो की प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दिसतो. त्याला अगदी सपाट बोर्ड हवा. एसीवाल्या मीटिंग रूममध्ये, जिथे मध्ये पंखाच नाही, तिथे साधा थ्रो बिनधास्त लावा. एक सावधगिरी: बऱ्याच शॉर्ट थ्रोला झूम नसतो. 0.5 वर प्रोजेक्टर एक इंच मागे गेला की चित्र दोन इंच रुंद होतं. म्हणून आधी टेबलावर ठेवून चित्र पाडून बघा, मगच स्लॅबला ड्रिल लावा.

लुमेन फक्त अँसी किंवा आयएसओ या प्रमाणित मोजमापाचे धरा. 'एलईडी लुमेन' वगैरे फुगवलेले आकडे सोडून द्या. वरच्या मापाचं चित्र साधारण 2.4 चौरस मीटरचं होतं. त्यावर 3,500 लुमेन म्हणजे सुमारे 1,450 लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन). मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घ्या आणि भर दुपारी फोन चित्राच्या जागी भिंतीला पाठ लावून धरा. अंदाज येतो. खोलीच्या उजेडाच्या पाच पट तरी प्रोजेक्टरचा उजेड हवाच. फोन 300 च्या वर दाखवत असेल तर आधी त्या खिडकीला जाड पडदा लावा, जास्त लुमेनला पैसे घालू नका.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करा. बहुतेक प्रोजेक्टर 40 अंशांपर्यंत चालायला बनवलेले असतात, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या घरात जातो. पत्र्याच्या छताखाली वरची हवा त्याहून तापते. तिथे मशीन स्वतःच उजेड कमी करतं किंवा बंद पडतं. पत्र्याच्या खोलीत ते छताला टांगूच नका, फळ्याच्या वर भिंतीच्या ब्रॅकेटवर बसवा.

कापसाच्या जिनिंगजवळ किंवा मातीच्या रस्त्यालगत खोली असेल तर फिल्टर कोण साफ करणार ते आधी ठरवा. प्रोजेक्टरमध्ये चित्र तयार करायच्या दोन पद्धती असतात, थ्रीएलसीडी आणि डीएलपी. थ्रीएलसीडीचे रंग उजळ दिसतात, भूगोलाच्या नकाशाला मला तेच आवडतात, पण त्याचा फिल्टर महिन्याला झटकावाच लागतो. माणूस मिळणार नसेल तर बंद इंजिनाचा (आत धूळ न जाणारा) डीएलपी घ्या.

वॉरंटीत लेझरचे तास वेगळे लिहून घ्या, आणि दुरुस्ती जळगाव-धुळ्यात होते की मशीन नाशिक-पुण्याला जातं, तेही विचारा. वायरिंगला भिंतीत जाड पाइप टाका. एचडीएमआयचं टोक बारीक पाइपातून जात नाही आणि केबल कधीतरी बदलावी लागतेच.