हार्ट अटॅकची रक्ततपासणी : या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक आधी. छातीत दुखत असताना लॅब शोधत फिरू नका. १०८ ला फोन करा. हॉस्पिटलात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. त्यात एसटी (ईसीजीच्या आलेखाचा एक भाग) वर गेलेला दिसला, तर ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. उपचार तिथूनच सुरू होतात.

दुसरी चूक म्हणजे ‘कार्डियाक प्रोफाइल’ या नावाखाली एसजीओटी, एलडीएच आणि सीपीके-एमबी या एन्झाइमच्या जुन्या तपासण्या करून घेणं. एसजीओटी १९५४ पासून वापरात आहे, पण यकृत बिघडलं तरी ती वाढते. काणकोणहून मडगावला नेताना नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर एलडीएच वाढलेला येतो. सीपीके-एमबी फुटबॉलच्या दमछाकीनंतरही वाढू शकतो, आणि अटॅकनंतर दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतो. म्हणजे सोमवारी दुखलं आणि गुरुवारी तपासलं, तर ‘नॉर्मल’! ट्रोपोनिन साधारण ७ ते १४ दिवस वाढलेला राहतो. एमबी हा सीपीकेचाच एक भाग, म्हणून त्याचा आकडा एकूण सीपीकेपेक्षा जास्त छापून आला, तर तो हृदयाचा नव्हे, तपासणीच्या पद्धतीचा दोष समजावा.

मागायचा तो ट्रोपोनिन, आय किंवा टी यांपैकी कोणताही प्रकार, शक्यतो हाय-सेन्सिटिव्हिटी (अगदी थोडी वाढही पकडणारा). पण त्यातही घोटाळे होतात. दुखायला लागून तासभरच झाला असेल, तर पहिला नमुना निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून दुसरा घ्यावाच लागतो: हाय-सेन्सिटिव्हिटीत १ ते ३ तासांनी, जुन्या किटवर ३ ते ६ तासांनी. दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते फॉर्मवर लिहा. ही वेळ हमखास राहून जाते. झटपट कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरी जाऊ नका.

एकक न पाहता आकडे ताडणं ही तर रोजची गफलत. मिलिलिटरला ०.०४ नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरला ४० नॅनोग्रॅम. पहिला रिपोर्ट फोंड्याच्या लॅबचा आणि दुसरा बांबोळीच्या गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेज) असेल, तर मशीन वेगळं असल्यास आकड्यांची तुलना करू नये. आय आणि टी यांची तर नाहीच.

मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच थोडा चढलेला असतो. तिथे दोन नमुन्यांतला फरक पाहायचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही किटवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो.